सरासरी प्रतीक्षा : शून्य

दोन घटनांच्या मध्ये जगात काहीही घडत नाही. मन्मथ शेटेच्या प्रबंधाची सुरुवातच या वाक्याने झाली होती, आणि त्याच्या मार्गदर्शकांनी खाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात 'वा' असं लिहिलं होतं. वाक्य लिहिलं गेलं पुण्यात, सकाळ-संध्याकाळ नळ वाहणाऱ्या एका खोलीत, त्यामुळे तिथे ते खरंही असावं. बीड जिल्ह्यात आणल्यावर ते दुधासारखं नासलं. इथे घटना अशी घडतच नाही. पाऊस पडत नाही, कारखान्याचं धुराडं पेटत नाही, केजची एसटी यायची तेव्हा येत नाही. लोकांच्या वाट्याला येतो तो सगळा मधलाच काळ, आणि तोच ते जन्मभर पुरवून पुरवून खातात.

पण हे त्याला इतकं लख्ख समजलं ते बुधवारी, केजच्या अलीकडच्या त्या सहकारी साखर कारखान्याच्या सभागृहात, पडद्यावर 'सरासरी प्रतीक्षा : शून्य' अशी अक्षरं उमटली आणि संचालक मंडळाने टाळ्या वाजवल्या तेव्हा. टाळ्या मनापासून होत्या. ऊस नसल्यामुळे कारखाना दोन हंगाम बंद, टाळ्या वाजवण्यासारखं काही बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मन्मथचे कान एकदम तापले. आधी त्याला वाटलं, हा संकोच आहे. कौतुक झालं की त्याचं असंच व्हायचं, लहानपणी बसवेश्वर जयंतीच्या भाषणाला पेन बक्षीस मिळालं तेव्हाही झालं होतं. पण संकोच खाली पोटाकडे उतरतो. हे वर चढत होतं. दाढांच्या मुळाशी येऊन थांबलं तेव्हा त्याला कळलं की आपल्याला राग आलाय, आणि कोणाचा ते अजून ठरलेलं नाही. शून्य पडद्यावर तसंच होतं. गोल, गुळगुळीत, आतून धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्यासारखं. नांदूरघाटजवळच्या वस्तीवर टँकरच्या रांगेत कुणालाही, कधीही, क्षणभरही थांबावं लागत नाही, असं ते म्हणत होतं. त्या रांगेत त्याची थोरली बहीण शिवगंगा, त्याची अक्का, रोज बसते. रविवारी तो स्वतः तिच्याशेजारी बसून आला होता. बूड अजून दुखत होतं.

काम त्याच्याकडे आलं होतं रीतसर. तो बीडच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो आणि त्याने एक भाषा केली आहे, एवढी बातमी अध्यक्ष अर्जुनरावांपर्यंत कशी गेली कुणास ठाऊक, पण गेली. भाषा म्हणजे बोलायची नव्हे. खऱ्या जगाची नक्कल संगणकात चालवून बघायची भाषा: कोण येतो, कशासाठी थांबतो, काय घेतो, कधी जातो. तिच्यात क्रियापदं मोजकी आणि सगळी मराठी होती. ये. थांब. घे. सोड. जा. कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसू शकतो याचे नियम होते. 'ये' झाल्याशिवाय 'थांब' म्हणता येत नाही, न घेतलेलं 'सोड' म्हणता येत नाही. आणि प्रत्येक वाक्यानंतर जगात नेमका काय फरक पडतो, तोही गणितासारखा बांधून ठेवलेला होता. मुख्य गंमत घड्याळाची. त्या भाषेतलं घड्याळ चालत नाही, नाकतोड्यासारखं उडी मारतं. सटवा नावाचा इसम आठाला आला आणि त्यानंतरची घटना बाराला असली, तर घड्याळ आठावरून थेट बारावर. मधले नऊ, दहा, अकरा नाहीतच. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मुंबईच्या परीक्षकांनी विचारलं होतं, "या मधल्या वेळात तुमचा थांबलेला माणूस काय करतो?" मन्मथने आत्मविश्वासाने सांगितलं होतं, "काही नाही सर. तो यादीत असतो." परीक्षकांनी मान डोलावली होती. नंतर सगळ्यांनी मिळून पेढे खाल्ले होते. आता त्या पेढ्यांची चव जिभेवर आली, आणि टेबलावरच्या सीलबंद बाटलीतलं पाणी त्याने घटाघटा पिऊन टाकलं. संचालक एकेक घोट घेऊन बाटली बाजूला ठेवत होते आणि चहानंतर नवी फोडत होते.

कारखान्याचे दोन टँकर होते. हंगाम नसल्यामुळे अर्जुनरावांनी ते सभासदांच्या गावांना पाणी द्यायला लावले, त्याचे फोटो पेपरात आले, आणि मग डिझेलचं बिलही आलं. तेव्हापासून नांदूरघाटकडच्या वस्तीची दुपारची खेप बंद करता येईल का, हा प्रश्न कार्यकारी संचालक पंडितराव यांच्या मनात घर करून होता. पण नुसतं बंद कसं करणार? शास्त्रीय आधार पाहिजे. "सर, तुमी आमाला फक्त रांगेचं मॉडेल करून द्या," पंडितराव म्हणाले होते. "खेप पाहिजे का न्हाई, ते मशीनच सांगंल. माणसानं सांगितलं की भांडणं व्हत्यात." मन्मथला हे आवडलं होतं. माणसं पक्षपात करतात, भाषा करत नाही. शिवाय मशीन जे सांगेल ते अक्काच्या बाजूनेच सांगणार, याबद्दल त्याला तीळभर शंका नव्हती. दुपारची खेप वाचली तर ती आपल्या भाषेने वाचवली, असं तो अक्काला न सांगता मनात म्हणणार होता. फक्त एका ठिकाणी अडलं. भाषेतल्या वाक्याला कर्ता लागतो. ये, पण कोण? मन्मथने लिहिलं होतं 'माणूस'. पंडितरावांनी ते वाचून मान हलवली. माणूस नको. सहकारी संस्था आहे, माणसाशी आपला संबंध येत नाही. सभासद लिहा. टँकरचा खर्च सभासद-कल्याणात पडतो, बिगर-सभासदाला पाणी दिलं असं कागदावर आलं तर ऑडिटवाले धरतील. मन्मथने विचारलं, मग आकडे? पंडितराव म्हणाले, आकडे आम्ही देतो, आमचा माणूस आठवडाभर टाकीपाशी बसवतो. बसवला. त्याने प्रामाणिकपणे, डोळ्यांत तेल घालून, टँकरपाशी आलेले सगळे सभासद टिपले.

आता पडद्यावरच्या शून्याकडे बघताना ते सगळं मन्मथला इतकं सोपं दिसलं की त्याला स्वतःच्या शिक्षणाची शिसारी आली. त्या वस्तीवर शेअर कोणाच्या नावावर आहेत? दाजींच्या. त्याचे दाजी गुरुपाद हे कारखान्याचे जुने सभासद. वार्षिक सभेला जातात, साखरेचं कार्ड खिशात ठेवतात, आणि टँकर येतो तेव्हा चौकातल्या आपल्या किराणा दुकानात तराजूपाशी पेपर वाचत बसतात. उभ्या आयुष्यात त्यांनी घागर उचललेली नाही. लग्नात उचलायची पद्धत असती तर उचलली असती. तसेच बाकीचे. पाणी भरतात त्या बायका, पोरी, म्हाताऱ्या, आणि त्यांच्यातली एकही सभासद नाही. त्या आठवड्यात टँकरपाशी सभासद आले ते तिघे: एक ड्रायव्हरला तंबाखू मागायला, एक फोटो काढायला, आणि एक आपली म्हैस तिकडे आलीय का बघायला. तिघांनाही थांबावं लागलं नाही. भाषेने तिघांना आणलं, तिघांना सोडलं, भागाकार केला. वाक्यरचना बरोबर, अर्थ बरोबर, गणित बरोबर. एक चूक सापडली असती तर मन्मथ तिथेच उठून तिच्या नावाने ओरडला असता. चूक नव्हती. राग कशावर ठेवावा याला जागाच नव्हती, आणि म्हणून तो सगळीकडे पसरत होता: झालरीच्या पडद्यांवर, भिंतीवरच्या संस्थापकांच्या हार घातलेल्या फोटोंवर, एसीच्या गार झोतावर, स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टावर.

रविवारी अक्काकडे गेलतो तेव्हाच कळायला पाहिजे होतं, असं त्याच्या मनात तिच्याच बोलीत आलं. वस्तीवर रांग माणसांची नसतेच. रांग घागरींची असते. पाण्याच्या टाकीपासून मारुतीच्या पाराच्या पलीकडेपर्यंत प्लास्टिकच्या घागरी, तेलाचे डबे, खताची धुतलेली बादली, आणि सगळ्यांच्या कानांतून एकच सुती दोरी ओवलेली, जनावरांच्या दावणीसारखी. म्हणजे कोणी आपली पुढे सरकवायला जाईल तर सगळी रांग हलेल आणि सगळ्या जणी ओरडतील. वारा आला की रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटून पोकळ बडबडत होत्या, आणि तो आवाज रांगेच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचा. बायका असतात इकडेतिकडे: कुणी सावलीला ज्वारी निवडतेय, कुणी पोराला पाजतेय, कुणी घरी जाऊन भाकरी टाकून आलीय. अक्का मात्र आपल्या घागरीपाशी बसून राहते, गुडघ्यामुळे. एकदा बसली की तिला उठबस करवत नाही. तिच्या हातांना त्या दोरीचा आंबूस वास येत होता. तिने पदराच्या टोकाला बांधलेले फुटाणे काढून त्याच्या हातावर ठेवले होते.

"तू काय काम करतूस म्हनं कारखान्याचं?"

"रांग कशी चालते, ते संगणकात बघायचं."

"हिकडं ये की मग बघायला. तिकडं कावून बघतूस?"

शेजारची ताराबाई हसली होती. "लई शिकलेला हाय ना तुमचा भाऊ. रांगंत बसायची पन डिगरी आसंल."

"न्हाई गं," अक्का म्हणाली होती, "त्याला बसवंना झालंय. बघ कसा सारका बूड हलिवतोय. सायबाच्या खुर्चीची सवं लागली."

मग अक्काने त्याला सांगितलं होतं की सकाळच्या खेपेचं पाणी पाराच्या पुढे पुरत नाही. पाराच्या अलीकडच्यांना मिळतं, पलीकडच्यांनी दुपारच्या खेपेवर बसायचं. तिची घागर पाराच्या पलीकडे होती. कायमच असते, अलीकडे यायचं तर पहाटे उठून घागर लावायला पळावं लागतं, आणि गुडघा पळू देत नाही. "दुपारची हाय म्हनून चाललंय बाबा," ती म्हणाली होती, आणि फुटाण्याची सालं फुंकून उडवली होती. त्या सगळ्या वेळात, म्हणजे मन्मथच्या भाषेत जो वेळ नाहीच त्या वेळात, अक्काने त्याला वडलांच्या अखेरच्या दिवसांबद्दल काहीतरी सांगितलं जे तिने पूर्वी कधी सांगितलं नव्हतं, ताराबाईशी एक भांडण केलं आणि मिटवलं, सासूला फोन करून औषध कुठे ठेवलंय ते सांगितलं, आणि थोडा वेळ बसल्या बसल्या झोपली. तोंड किंचित उघडं. ओठांना भेगा. ती यादीत होती.

"सर, तुमी लई मोठं काम केलं," अर्जुनराव माईकवरून बोलत होते. धिप्पाड, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आवाज तूप लावल्यासारखा. "आपल्या मातीतल्या माणसानं आपल्या भाषेत मशीनला बोलतं केलं. आता इरोधक म्हनतील, खेप बंद केली. आमी न्हाई केली. इज्ञानानं केली." परत टाळ्या. पंडितरावांनी ठराव वाचायला घेतला. नांदूरघाटलगतच्या वस्तीवरील दुपारची खेप, प्रतीक्षा शून्य असल्याचे निष्पन्न झाल्याने, उद्यापासून बंद करण्यात यावी. मन्मथ उभा राहिला. आपण उभे राहिलो आहोत हे त्याला इतरांच्या माना वळल्यावर समजलं.

"हे बरोबर नाही," तो म्हणाला.

पंडितराव घाबरले. "म्हंजे? प्रोग्रॅममदी काय चुकलंय का?"

"प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही."

"आकड्यात?"

"नाही."

"मग झालं की," पंडितराव सुटकेने म्हणाले, आणि सूचक-अनुमोदकाची नावं लिहून घेतली. मन्मथच्या तोंडी एकच वाक्य तयार होतं, ते म्हणजे तुमच्या आईला कोणी पाणी भरून दिलं. आणि ते त्या सभागृहाच्या व्याकरणात कुठेच बसत नव्हतं. तो खाली बसला. खुर्ची मऊ होती, त्याचाही राग आला.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे मागच्या मंडपात गेले, तसं त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. एक शब्द खोडायचा होता, एक लिहायचा होता. 'सभासद' खोडून त्याने 'घागर' लिहिलं. भाषेने हूं का चूं केलं नाही. तिला काय, कर्ता मिळाल्याशी कारण. घागरी किती ते त्याने रविवारी डोळ्यांनी बघितलं होतं, टँकरात किती मावतं ते माहीत होतं. दुपारची खेप काढून टाकून त्याने नक्कल चालवली. घड्याळाने उड्या मारल्या. सकाळ झाली, टँकर आला, घागरी भरल्या, टँकर गेला, आणि पाराच्या पलीकडच्या घागरी यादीत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागे नव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी आणखी. सरासरी प्रतीक्षेच्या जागी आता शून्य नव्हतं, नुसती एक आडवी रेघ होती. मन्मथला ती समजली, त्यानेच ती घालून ठेवली होती: ज्याला पाणी मिळालं त्याचीच प्रतीक्षा मोजता येते. ज्याला मिळालं नाही त्याची अजून चालू असते, तिचा भागाकार होत नाही. प्रबंधात यावर दीड पान होतं. ते त्याला पाठ होतं. त्या दीड पानात गुडघा कुठेच नव्हता.

अर्जुनराव हात धुवायच्या जागी उभे होते. नळ सोडलेला, बोटांवरचं मटणाचं तेल निघता निघत नव्हतं. मन्मथने लॅपटॉप त्यांच्यापुढे उघडा धरला आणि सगळं सांगितलं, धाप लागल्यासारखं, पारापासून रेघेपर्यंत. आवाज चढलेला होता, तो त्याने उतरवला नाही. अर्जुनरावांनी मन लावून ऐकलं. हा माणूस ऐकतो, हेच त्याचं वाईट आहे, असं मन्मथला वाटलं. नळ चालूच होता. पाणी पांढऱ्या फरशीवरून जाळीत जात होतं, आणि मन्मथ बोलता बोलता ते कुठे जातं हे बघत होता.

"तुमचं म्हननं शंभर टक्के खरं हाय, सर," अर्जुनराव म्हणाले. "मला काय कळत न्हाई का? माजी आई बी डोक्यावरून पानी आनायची. पन घागरीला शेअर हाय का? पोटनियमात घागर बसंना. सभासद बसतो."

"मग पोटनियम बदला."

"सर्वसाधारन सभा लागती. सप्टेंबरात." त्यांनी पंच्याला हात पुसले आणि मन्मथच्या खांद्यावर ठेवले. "बहीन तुमची त्या वस्तीवर हाय न्हाई का? गुरुपादअप्पांची मंडळी. आदी सांगायचं की वो! एक बॅरल दारात टाकून देऊ रोजच्या रोज. घरचं मानूस हाय."

क्षणभर, एक क्षणभरच, मन्मथच्या डोळ्यांपुढे अक्काच्या दारातलं निळं बॅरल उभं राहिलं. भरलेलं. त्याच्यावर पत्र्याचं झाकण, झाकणावर दगड. तिचा गुडघा, आणि पारापलीकडून तिच्या दाराकडे बघणारी ताराबाई. तो 'नको' म्हणाला, पण त्याला वेळ लागला, आणि तो वेळ अर्जुनरावांना दिसला. त्यांनी खांदा थोपटला आणि ते बडीशेपेकडे गेले. इतका राग त्याला दिवसभरात आला नव्हता. नळ त्याने बंद केला, इतक्या जोराने की चाकी हातात फिरली आणि पाणी पुन्हा सुरू झालं.

लॅपटॉप न मिटताच तो बाहेर आला. ऊन कवटीत खिळ्यासारखं बसलं. ठराव उद्यापासून लागू होणार होता. म्हणजे आजची दुपार हातात होती. वस्तीवरच्या सगळ्या बायकांना कारखान्यावर आणू, घागरी दोरीसकट आणू, फाटकापुढे लावू, पेपरवाल्यांना बोलवू. सभासद करा म्हणू सगळ्यांना. भाषाच पुन्हा लिहू. 'थांब' या शब्दाचा अर्थ बदलू, त्यात मधलं सगळं घालू, भांडण, औषध, झोप, भेगा. त्याची पावलं आपोआप फाटकाकडे चालली होती. तिथे त्याला ओल्या मातीचा वास आला. सकाळी बीडहून येताना पालीपाशी बिंदुसरेचं धरण तळापर्यंत तडकलेलं दिसलं होतं, आणि मग इथे फाटकापाशी हाच वास आला होता, तेव्हा उगीच बरं वाटलं होतं. आता त्याने वळून बघितलं. कुंपणापलीकडे कारखान्याचा बेणे प्लॉट होता, पुढच्या लागवडीसाठी जगवून ठेवलेला बियाण्याचा ऊस. हिरवागार. सऱ्यांत पाणी चमकत होतं.

फाटकाबाहेरच्या टपरीवर नांदूरघाट खेपेचा ड्रायव्हर धुळाजी बशीतून चहा पीत बसला होता. रविवारी त्यानेच मन्मथला वस्तीवरून केजपर्यंत टँकरच्या केबिनमध्ये आणून सोडलं होतं.

"धुळाजी, उद्यापासून दुपारची खेप बंद करतायत," मन्मथ म्हणाला. "आजची तरी भरून ने. आत्ता. काय व्हायचं ते होऊ दे, मी बघतो."

धुळाजीने बशी खाली ठेवली. त्याला उगीचच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"कंची खेप, सर? सकाळची बी न्हाई अन् दुपारची बी न्हाई. दोनी टँकर हितंच हायेत की, बेन्याला. करपाया लागलं हुतं."

"आणि वस्तीवर?"

"घागरी हायेत की लावलेल्या. काल जाताना बगितल्या. पारापल्याड लई लांबवर गेलीया रांग."

बुधवार होता. ठराव त्या दुपारी एकमताने मंजूर झाला. टँकर सोमवारपासून बेणे प्लॉटवर होते.